न हाताळलेल्या नाण्याची पारख
(समाजाच्या जत येथील वार्षिक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



‘पोतदार’ हे आडनाव आपल्यापैकी अनेक घराण्यांत आहे. ते आडनाव होण्यापूर्वी एक काम होते. सरकारी भरण्यात आलेले नाणे खरे की खोटे, त्याचा कस पुरा की उणा, हे पाहण्याचे काम गावोगावी सोनाराकडे असे. टांकसाळी अनेक, प्रत्येकीचा कस निराळा आणि बट्टाही निराळा. अशा काळात पोतदाराचा शब्द प्रमाण मानला जाई. आज त्याच परंपरेतील आपले तरुण मोबाईलवरील छायाचित्र पाहून जुनी नाणी विकत घेतात आणि पुष्कळदा ठकवले जातात. म्हणून या विषयावर चार शब्द बोलावे, अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली.

जतसारख्या ठिकाणाहून मुंबई-पुण्याचे लिलाव दूर. तेव्हा इंटरनेटवरील खरेदीचा मोह समजण्यासारखा आहे. पण तेथे मिळणारी बहुतेक नाणी श्रेणी न ठरवलेली असतात. श्रेणी ठरवणे म्हणजे काय? अमेरिकेत शेल्डन नावाच्या गृहस्थाने १९४९ साली तेथील जुन्या तांब्याच्या सेंटांसाठी १ ते ७० अंकांची एक मोजपट्टी सुचवली. पुढे १९८६-८७ च्या सुमारास तेथे अशा कंपन्या निघाल्या की, त्या नाणे तपासून, त्याला अंक देऊन ते प्लॅस्टिकच्या डबीत बंद करून देतात. अशी डबी नसलेल्या नाण्याची श्रेणी विकणारा स्वतःच लिहितो. ‘अनसर्क्युलेटेड’ म्हणजे व्यवहारात न फिरलेले, ‘एक्स्ट्रीमली फाइन’ म्हणजे किंचित झिजलेले, असे हे शब्द आहेत. आपला माल वाईट आहे असे कोणता दुकानदार म्हणेल? तेव्हा ते शब्द बाजूला ठेवून नाणे पाहावे.

वजन, नाद आणि कस यांविषयी या सभेत मी काय सांगावे? १८३५ पासून १९३९ पर्यंतचा रुपया एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅम वजनाचा, आणि बारात अकरा भाग चांदीचा. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली, १९४७ साली ती गेलीच. बंदा रुपया खणखणीत वाजतो, ओतीव खोटा बद्द वाजतो, हे आपल्या घरातील मुलालाही ठाऊक असते. पण छायाचित्र वाजत नाही आणि तोलताही येत नाही. विक्रेत्याकडे काट्यावर ठेवलेल्या नाण्याचे व कडेच्या दात्यांचे छायाचित्र अवश्य मागावे. जो ते देण्यास टाळाटाळ करील त्याचा नाद सोडावा.

मला विशेष बोलावयाचे आहे ते निराळ्याच गोष्टीविषयी. आपला धंदाच आपल्याला येथे फसवतो. काळवंडलेला जिन्नस समोर आला की, आपला हात रिठ्याकडे आणि ब्रशाकडे जातो. दागिन्याला उजाळा म्हणजे नवा जन्म. नाण्याला मात्र उजाळा म्हणजे नाश. शंभर वर्षांत चांदीवर जो करडा-निळसर थर चढतो तो संग्राहकाला हवा असतो. तो एकदा गेला की परत येत नाही, आणि घासलेल्या नाण्याची किंमत पुष्कळदा चांदीच्या भावावर येते. दिवाळीत लक्ष्मीपूजनासाठी डब्यातले रुपये चिंचेने लखलखीत करण्याची चाल आपल्या घरोघरी आहे. पूजेचे रुपये पूजेसाठी ठेवावे, त्यास माझी हरकत नाही. पण तेच पुढे विकावयाचे म्हणून जो आधी घासतो, तो आपल्या हाताने वडिलार्जित ठेवा हलका करतो.

घासलेले नाणे चित्रात कसे ओळखावे? उंचवटे पांढरे झक्क, पण अक्षरांच्या खाचांतून काळी मळी राहिलेली, हे पहिले चिन्ह. मोकळ्या जागेवर एकाच दिशेने गेलेल्या केसासारख्या रेघा, हे दुसरे. त्या रेघा समोरून पडलेल्या प्रकाशात लपतात, तिरप्या प्रकाशात उघड्या पडतात. म्हणून नाणे हातात धरून दिव्याखाली सावकाश फिरवतानाचा व्हिडिओ मागावा. टांकसाळीची मूळ चकाकी असेल तर ती चाकाच्या आऱ्यांप्रमाणे नाण्यावरून फिरते. घासून आणलेली चमक जागच्या जागी थिजलेली दिसते.

झीज पाहावयाची ती सर्वांत उंच जागी. व्हिक्टोरिया राणीच्या रुपयावर कानावरचे केस व गाल, एडवर्डच्या रुपयावर कान व भुवई, पंचम जॉर्जच्या रुपयावर मुकुट आणि वस्त्रावरचा हत्ती. (१९११ च्या रुपयावर हा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाल्यामुळे पुढच्या वर्षी तो बदलावा लागला.) सालाला भुलू नये. १८६२ हे साल घातलेले रुपये पुढे कित्येक वर्षे त्याच सालाने पाडले गेले, ते दुर्मीळ नाहीत. १९३९ चा रुपया खरोखर दुर्मीळ आहे आणि म्हणूनच त्याचा शेवटचा आकडा भिंगाखाली पाहावा.

शिवराईची गोष्ट वेगळी. ती हाताने ठोकलेली. ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, म्हणून ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ ही अक्षरे पुरती क्वचितच उतरतात. अक्षर तुटले म्हणून ती झिजली असे नव्हे, आणि अक्षर अर्धेच आहे म्हणून स्वस्तात मागणे हेही अज्ञान. उतरलेल्या अक्षराच्या कडा धारदार आहेत की गोल, ते पाहावे. अंकुशी व तत्सम रुपयांवर सराफांनी परीक्षेसाठी मारलेल्या खुणा आढळतात. नाणे घेणारे त्यांना दोष मानतात. मला तरी त्या आपल्याच पूर्वजांच्या सह्या वाटतात. मात्र माळेत ओवण्यासाठी डाक देऊन लावलेली कडी पुढे काढून टाकली असेल, तर डोक्यावरच्या कडेला सपाट वा घासलेली जागा राहते. ती डाक कशी लपवतात हे आपल्याइतके दुसऱ्या कोणाला कळणार?

आपल्याच जिल्ह्यातील खानापूर-आटपाडीकडील गलाईवाले देशभर आटणीची कामे करतात. त्यांच्या मुशीत रोज काय काय जात असेल, याचा विचार मनात आला की वाईट वाटते. नाणे मुशीत टाकण्यापूर्वी भिंगातून एकदा पाहिले, तर त्यात कोणाचे काय जाते?

आणखी दोन सूचना देऊन पुरे करतो. साध्या चलनी नाण्याला लाखो रुपये देऊ करणाऱ्या जाहिराती फसव्या असतात. अशा व्यवहारांत आपले नाव वापरले जात असल्याचा इशारा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये दिला. आणि शंभर वर्षांपूर्वीचे नाणे १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते, ते परदेशी ग्राहकाला पाठवता येत नाही.

काही बंधूंनी घरची नाणी बरोबर आणली आहेत असे कळते. सभा आटोपल्यावर व्यासपीठाजवळच्या टेबलावर काटा आणि भिंग ठेवलेले असेल. नाणी कडेला धरूनच पुढे करावीत, आणि आणण्यापूर्वी कोणी ती धोतराने पुसली नसतील, अशी आशा आहे.