कीर्तीची शाळा



एखादा बोलपट लोकप्रिय झाला, कीं कांहीं वर्षांनीं तोच नव्या नटांकडून, नव्या साजांत पुन्हां काढावा, ही चाल चित्रपटसृष्टींत जुनीच आहे. अशा प्रयत्नाला ‘शिळ्या कढीला ऊत’ म्हणून हिणविणारे पुष्कळ भेटतात. पण मला तें सरसकट पटत नाहीं. आपल्या नाटकमंडळ्या एकच नाटक पिढ्यान् पिढ्या नव्या संचांत करीत आल्या आणि प्रत्येक पिढीला त्यांत आपल्या काळचें कांहींतरी सांपडलें. तेव्हां जुनी कृति पुन्हां कां केली, असें विचारण्यापेक्षां ती करतांना काय राखलें आणि काय गाळलें, हें विचारणें अधिक उपयोगाचें. गाळलेल्या गोष्टींवरून त्या त्या काळाची आवडनिवड कळते आणि कधीं कधीं त्याचें भयहि कळतें. आज मी ज्या जोडीविषयीं बोलणार आहें, ते दोन्ही अमेरिकन संगीतपट एकाच नांवाचे आहेत : ‘फेम’, म्हणजे कीर्ति. पहिला १९८० सालचा, दुसरा २००९ सालचा.

दोहोंचें स्थळ एकच, न्यूयॉर्क शहरांतील नाट्य, नृत्य व संगीत शिकविणारी एक सरकारी माध्यमिक शाळा. ही शाळा कल्पनेंतली नाहीं. त्या शहराचे मेयर फिओरेल्लो ला गार्डिया यांनीं १९३६ सालीं संगीत आणि चित्रकला शिकविणारी एक शाळा सुरू केली. पुढें १९४८ च्या सुमारास रंगभूमीच्या कलांसाठीं दुसरी शाळा नाटकगृहांच्या वस्तींत, ४६ व्या रस्त्यावर, चालूं झाली. १९८४ सालीं या दोन्ही शाळा लिंकन सेंटरजवळच्या नव्या इमारतींत एकत्र नांदूं लागल्या आणि संयुक्त शाळेला ला गार्डियांचें नांव देण्यांत आलें. सार्वजनिक शाळा असल्यानें तेथें फी नाहीं. परंतु प्रवेश मिळवायचा तर नाचून, गाऊन, वाजवून किंवा अभिनय करून दाखवावा लागतो. आंत गेल्यावरहि गणित, भाषा आणि शास्त्र सुटत नाहींत. त्या अभ्यासाच्या जोडीला कलेची रोजची तालीम करावी लागते. पैशानें विकत घेतां न येणारी, केवळ गुणांवर मिळणारी अशी ही जागा असल्यामुळें गरिबाच्या मुलाला तिचें मोल फार वाटतें.

१९८० चा बोलपट ॲलन पार्कर या इंग्रज दिग्दर्शकानें काढला. कथा-संवाद ख्रिस्तोफर गोर यांचे, संगीत मायकेल गोर यांचें. संहितेंतील कांहीं मजकूर शिक्षण मंडळाला रुचला नाहीं आणि प्रत्यक्ष शाळेंत चित्रण करण्याची परवानगी मंडळानें नाकारली. तेव्हां वापरांत नसलेल्या दुसऱ्याच एका शाळेच्या इमारतींत हे वर्ग भरविण्यांत आले. कथेची मांडणी अगदीं साधी आहे. आधीं प्रवेशाची परीक्षा, मग एकामागून एक चार वर्षें आणि अखेर पदवीदानाचा समारंभ. एक नायक नाहीं कीं एक नायिका नाहीं. आठ मुलामुलींचे धागे एकमेकांत गुंतत जातात.

त्यांतला एक धागा सांगतों. लिरॉय नांवाचा एक निग्रोवस्तींतला मुलगा मैत्रिणीच्या नृत्यपरीक्षेंत तिला साथ देण्यापुरता येतो. परीक्षक मैत्रिणीला नाकारतात आणि त्याला घेतात. देहांत असें नृत्य असलेल्या या मुलाला धड वाचतां मात्र येत नाहीं आणि इंग्रजीच्या शिक्षिका शेरवुडबाई त्यावांचून त्याला पुढें जाऊं देत नाहींत. चौथ्या वर्षीं एका नृत्यसंस्थेंत जाण्याची संधि दिसूं लागते. त्यासाठीं उत्तीर्ण होणें भाग असतें. लिरॉय रागारागानें बाईंना गांठतो तो इस्पितळांत, जेथें त्यांचे यजमान आजारी आहेत. आपल्यावरच जगाचा अन्याय होतो असें मानणाऱ्या त्या मुलाला त्या क्षणीं समोरच्या माणसाचें दुःख दिसतें. चार वर्षांच्या शिक्षणांत तो नृत्याखेरीज काय शिकला, तें या एका प्रसंगांत कळतें.

ही भूमिका करणारा जीन अँथनी रे हा स्वतः त्याच शाळेंत कांहीं काळ होता. तेथील शिस्त न मानवल्यानें त्याला शाळा सोडावी लागली होती. पडद्यावरच्या लिरॉयनें त्याला जगभर नांव मिळवून दिलें, पण त्याचें पुढील आयुष्य सुरळीत गेलें नाहीं. २००३ सालीं, वयाच्या ४१ व्या वर्षीं, तो वारला.

त्याच बोलपटांतील कोको ही महत्त्वाकांक्षी गायिका दिग्दर्शक म्हणविणाऱ्या एका भामट्याच्या जाळ्यांत सांपडते. परीक्षेच्या मिषानें तो तिला कॅमेऱ्यापुढें वस्त्र उतरावयास सांगतो आणि ती रडत रडत तें करते. शाळेचा एकेकाळचा मानकरी विद्यार्थी मायकेल पुढें हॉटेलांत वेटर म्हणून दिसतो. लिसा या मुलीला नृत्याचा वर्ग सोडण्यास सांगितलें जातें. जिवाचें बरेंवाईट करण्याच्या विचारानें ती भुयारी रेल्वेच्या फलाटावर उभी राहते आणि अखेर नृत्याचे कपडे रुळांवर फेकून नाट्यशाखेकडे वळते. कोकोची भूमिका करणाऱ्या आयरीन कारा हिनें गायिलेल्या शीर्षकगीताला आणि बोलपटाच्या संगीताला १९८१ सालीं ऑस्कर पारितोषिकें मिळालीं. मोटारींच्या टपांवर चढून विद्यार्थी नाचतात तो रस्त्यावरचा प्रसंग लोकांच्या स्मरणांत राहिला. त्या बोलपटावरून १९८२ पासून १९८७ पर्यंत दूरचित्रवाणीवर मालिका चालली आणि १९८८ सालीं संगीत नाटकहि रंगभूमीवर आलें.

आतां २००९ ची आवृत्ति. तिचा दिग्दर्शक केव्हिन टँचारोएन हा नृत्याच्या क्षेत्रांतून आलेला, पंचविशींतला तरुण; पूर्ण लांबीचा हा त्याचा पहिलाच बोलपट. परीक्षा, चार वर्षें आणि पदवीदान ही जुनी चौकट त्यानें जशीच्या तशी ठेवली. उपाहारगृहांतला वाद्यांचा व नाचाचा मेळहि ठेवला. जुन्या बोलपटांत लहानशी भूमिका केलेली आणि मालिकेंतील नृत्यशिक्षिका म्हणून घरोघरीं माहीत झालेली डेबी ॲलन येथें मुख्याध्यापिका झाली आहे. मुलें मात्र सर्व नवीं आहेत.

या दोन बोलपटांचा साधा हिशेब करून पाहा. जुना १३४ मिनिटांचा आणि त्यांत आठ मुलें. म्हणजे दर मुलामागें सुमारें १७ मिनिटें. नवा १०७ मिनिटांचा आणि मुलें दहा. म्हणजे दर मुलामागें ११ मिनिटेंहि नाहींत. त्यांतून नाचगाण्यांचा वेळ वजा केला, कीं स्वभाव उमलायला अवकाश उरतो कोठें? दुसरी गोष्ट प्रेक्षकवर्गाची. जुन्या बोलपटाला अमेरिकेंत जें प्रमाणपत्र मिळालें, त्यामुळें सतरा वर्षांखालील मुलांना वडील माणसांबरोबरच तो पाहतां येई. नवा बोलपट लहानांनींहि पाहावा अशा बेतानें काढला आहे. विद्यार्थ्यांच्या वयाचाच प्रेक्षक मिळावा, ही इच्छा वावगी नाहीं. पण तिच्यापायीं जेथें जेथें जखम होती, तेथें तेथें मलमपट्टी झाली. कोकोच्या जागीं येथें जेनी आहे. एका नामांकित नटाच्या खोलींत तिच्यावरहि तसाच प्रसंग येऊं घातलेला असतो. ती वेळींच निघून जाते आणि कथेंत मागें उरतो तो मुख्यतः तिच्या मित्राचा रुसवा.

दुःख दाखविलें कीं कलाकृति थोर होते, असें माझें म्हणणें नाहीं. नव्या बोलपटांत जें चांगलें आहे तेंहि सांगितलें पाहिजे. डेनिस ही मुलगी वडिलांच्या आज्ञेवरून पियानोवर अभिजात संगीत वाजविते आणि आपल्याला गातां येतें हें त्यांच्यापासून लपविते. नटूरी नॉटन हिनें ही घुसमट फार संयमानें दाखविली आहे. पहिल्या बोलपटांतलें एक गीत ती पियानोशीं एकटी बसून गाते, तेव्हां जुन्या आवृत्तीची आठवण ठेवणारालाहि उणें कांहीं वाटत नाहीं. शिक्षकांच्या भूमिकांसाठीं चार्ल्स डटन, केल्सी ग्रामर, बीबी न्यूवर्थ आणि मेगन मुलाली असे कसलेले नट घेतले आहेत आणि तेथें बोलपटाला वजन येतें.

सर्वांत खरा प्रसंग केव्हिन या नृत्याच्या विद्यार्थ्याचा आहे. चार वर्षें मनापासून मेहनत केलेल्या या मुलाला नृत्यशिक्षिका शांतपणें सांगतात, कीं व्यावसायिक नर्तक होण्याइतकी तयारी त्याच्यांत नाहीं. चांगला शिक्षक मात्र तो होऊं शकेल. तो कोसळतो, रेल्वेच्या फलाटावर त्याचाहि तोल जातो आणि मैत्रिणी त्याला मागें खेंचतात. येथें जुन्या लिसाची छाया स्पष्ट आहे. दुर्दैव एवढेंच, कीं बोलपटाला पुढच्या नाचाची घाई असल्यानें हा घाव कसा भरून आला, तें पाहायला तो थांबत नाहीं.

मला वाटतें, या दोन बोलपटांची खरी परीक्षा येथेंच होते. शाळा विद्या देऊं शकते. कीर्ति देणें तिच्या हातीं नसतें. ज्या गुरूला हें ठाऊक आहे, त्याला कधीं तरी शिष्याला ‘नाहीं’ म्हणावें लागतें आणि त्या ‘नाहीं’नंतर शिष्य कसा उभा राहतो, हें पाहण्याची जबाबदारीहि त्याच्यावर येते. १९८० च्या बोलपटाचें नांव ‘कीर्ति’ असलें, तरी कोणाला कीर्ति मिळालेली तो दाखवीत नाहीं. पदवीदानाच्या दिवशीं सर्वजण मिळून गातात आणि पुढें काय होईल, तें अंधारांत असतें. २००९ पर्यंत काळ पालटला होता. ‘अमेरिकन आयडॉल’सारखी गायनाची स्पर्धा २००२ पासून घरोघरीं पाहिली जात होती आणि एका हंगामांत अज्ञाताचा नामवंत होतांना लोक पाहत होते. नव्या बोलपटांतील एक प्रमुख नर्तकी, केरिंग्टन पेन, अशाच एका नृत्यस्पर्धेंतून आली होती. अशा हवेंत चार वर्षांची संथ शाळा आणि तिच्यांतलें अपयश सांगणें अवघड झालें असल्यास नवल नाहीं.

अशा स्पर्धा आतां आपल्याकडेहि घरोघरीं पाहिल्या जातात आणि त्या पाहून आपलींहि मुलें-मुली व्यासपीठाचीं स्वप्नें पाहतात. अशा मुलांच्या आईबापांना माझी विनंति आहे, कीं हे दोन्ही बोलपट पाहावे. आधीं नवा आणि मग, मूल जाणत्या वयाचें झाल्यावर, त्याच्या शेजारीं बसून जुना. नव्यांतला ताल मुलाला आवडेल आणि तो आवडावाहि. जुना संपल्यावर मात्र लगेच उठूं नये. कोकोनें त्या माणसाला कोणत्या शब्दांत नकार द्यायला हवा होता, शेरवुडबाईंनीं लिरॉयला आधींच उत्तीर्ण केलें असतें तर त्याचें भलें झालें असतें काय, आणि गुरुजींनीं ‘नाहीं’ म्हटलें तर आपण दुसऱ्या दिवशीं सकाळीं काय करूं, या तीन प्रश्नांवर मुलाशीं निवांत बोलावें. तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर आईबापांनींहि आधींपासून मनाशीं तयार ठेवावें. कारण तो प्रसंग आलाच, तर मूल प्रथम त्यांच्याच चेहऱ्याकडे पाहील.