‘तिथे बायकांची सोय नाही’

शहापूर आणि मुरबाडच्या बचत गटांकडून आम्ही बोलतोय. हातातलं काम चालू ठेवा, भाजी निवडता निवडता ऐका. आज एका बाईंची गोष्ट सांगायची आहे. नाव डॉ. अदिती पंत. अंटार्क्टिकावर पाऊल ठेवणाऱ्या पहिल्या दोन भारतीय स्त्रियांपैकी त्या एक, आणि त्या आपल्या मराठी मुलखातल्या.

अंटार्क्टिका म्हणजे पृथ्वीच्या अगदी दक्षिण टोकाचा खंड. आपल्या देशाच्या चौपट मोठा आणि जवळजवळ सगळा बर्फाखाली. जगातल्या गोड्या पाण्याचा सगळ्यात मोठा साठा तिथे गोठून पडलाय. भातसा आणि तानसा धरणं उशाला असूनही उन्हाळ्यात हंडा घेऊन चालणाऱ्या आपल्याला त्याचं मोल वेगळं सांगायला नको. तिथे गाव नाही, शेत नाही. माणसं जातात ती अभ्यासाला, आणि काम झालं की परततात.

अदितीताईंचा जन्म १९४३ सालचा, नागपूरचा. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. त्यांचं घर तुमच्या-आमच्यासारखं नव्हतं. वडील अप्पासाहेब पंत औंधच्या घराण्यातले, परराष्ट्र खात्यात मोठ्या पदांवर राहिलेले. आई नलिनीताई डॉक्टर. घरात शिक्षण होतं, पुस्तकं होती. पण घर शिकलेलं असलं, तरी समुद्राचा अभ्यास करायला मुलीने एकटीने परदेशी जायचं, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती.

पुण्याला बी.एस्सी. करत असताना त्यांच्या हाती समुद्रातल्या जीवांबद्दलचं एक पुस्तक आलं. अ‍ॅलिस्टर हार्डी नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने लिहिलेलं. ते वाचून त्यांनी ठरवलं, शिकायचं तर हेच. अमेरिकेच्या सरकारची शिष्यवृत्ती मिळाली आणि त्या हवाई बेटांवरच्या विद्यापीठात गेल्या. तिथून पुढे लंडनला जाऊन त्यांनी पीएच.डी. केली. मग भारतात परतल्या आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत कामाला लागल्या. पश्चिम किनाऱ्याच्या समुद्राचा अभ्यास त्यांनी तिथे केला.

त्यांचा विषय काय होता, ते आपल्या भाषेत सांगतो. माळावर गवत उगवतं. गवत शेळी खाते, शेळीवर आपलं घर चालतं. गवतच नसेल तर पुढचं काहीच नाही. समुद्रातही असंच गवत असतं, फक्त ते डोळ्यांना दिसत नाही. एका पेशीच्या हिरव्या वनस्पती पाण्यात तरंगत असतात, उन्हावर आपलं अन्न तयार करतात आणि हवेत प्राणवायू सोडतात. त्यांना वनस्पती प्लवक म्हणतात. अंटार्क्टिकाच्या समुद्रात हे प्लवक क्रिल नावाचा छोटा जीव खातो. दिसायला तो आपल्या बाजारात सुका जवळा मिळतो ना, तसा. आणि त्या क्रिलवर पेंग्विन, सील आणि अवाढव्य देवमासेसुद्धा जगतात. म्हणजे सगळं घर त्या न दिसणाऱ्या गवतावर उभं आहे. ते गवत कुठे, किती आणि कसं वाढतं, हे मोजणं हे अदितीताईंचं काम.

आता अंटार्क्टिकावर जाण्याची गोष्ट. तिथली दारं बायकांना फार वर्षं बंद होती. अमेरिकेसारख्या देशातही १९६९ सालापर्यंत त्यांचं नौदल स्त्री शास्त्रज्ञांना तिथे न्यायला तयार नव्हतं. कारण काय? तिथे बायकांची सोय नाही. राहायची वेगळी जागा नाही, संडास-न्हाणी नाही. शेवटी त्या वर्षी लॉइस जोन्स या भूशास्त्रज्ञ बाईंनी चार बायकांचा गट नेला आणि काम करून दाखवलं. भारताची पहिली मोहीम १९८१ साली गोव्याहून निघाली. पहिल्या दोन्ही मोहिमांत एकही बाई नव्हती.

तिसरी मोहीम डिसेंबर १९८३ मध्ये गोव्याहून निघाली. नेते होते डॉ. हर्ष गुप्ता. या वेळी दोघी होत्या. एक कोलकात्याच्या डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता, खडकांचा अभ्यास करणाऱ्या आणि गिर्यारोहण शिकलेल्या. दुसऱ्या आपल्या अदितीताई, तेव्हा वयाच्या चाळिशीत. याच मोहिमेत दक्षिण गंगोत्री हे भारताचं अंटार्क्टिकावरचं पहिलं केंद्र उभं राहिलं. पौषात म्हसा यात्रेला आपल्याकडे घोंगड्या खपतात, तेव्हा तिथे उन्हाळा असतो. सूर्य मावळतच नाही. पण उन्हाळा असला तरी बर्फाचं वादळ उठलं की हातभर अंतरावरचं दिसत नाही. अशा ठिकाणी वेगवेगळ्या खोलीवरचं पाणी काढायचं, ते गाळायचं, गाळणीवर राहिलेला हिरवा अंश मोजायचा, वहीत आकडा लिहायचा. दुसऱ्या जागी पुन्हा तेच. हे काम चिकाटीचं. मार्च १९८४ मध्ये मोहीम परत आली. पुढे पाचव्या मोहिमेतही त्या गेल्या.

गोव्यानंतर त्यांनी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत काम केलं. खारट पाण्यात तग धरणाऱ्या सूक्ष्म जीवांचा अभ्यास तिथे केला. अंटार्क्टिकातल्या कामासाठी त्यांचा पुरस्कार देऊन गौरव झाला, तो सुदीप्ता सेनगुप्ता, जया नैथानी आणि डॉ. कंवल विल्कू यांच्यासोबत. म्हणजे दोघींच्या मागून आणखी बायका गेल्याच. इस्रोच्या मंगला मणी तर २०१६ साली वयाच्या ५६ व्या वर्षी भारती केंद्रावर गेल्या आणि ४०३ दिवस राहिल्या. २३ जणांच्या तुकडीत त्या एकट्याच बाई होत्या. सोय नाही म्हणत जिथे दार बंद होतं, तिथे एका बाईने सबंध हिवाळा काढला.

मैत्रिणींनो, हे सगळं आज का सांगतोय? कारण ‘सोय नाही’ हे शब्द आपण आपल्याच घरात रोज ऐकतो. दहावीला चांगले मार्क पडतात. मुलगी म्हणते, सायन्सला जायचं. मग सुरू होतं : कॉलेज लांब आहे, एसटी संध्याकाळी वेळेवर नाही, वसतिगृहात जागा मिळेल का, एकटी कशी राहील. यातली एकही अडचण खोटी नाही. अंधारात फाट्यापासून पाड्यापर्यंत चालत येणं काय असतं, ते आम्हाला माहीत आहे. पण तीच अडचण मुलाच्या वाटेत आली की घर मार्ग शोधतं, आणि मुलीच्या वाटेत आली की तिचं शिक्षण थांबतं.

मागे आमच्या एका गटात आईने मुलीच्या अकरावीच्या खर्चासाठी कर्ज मागितलं. बैठकीत चर्चा झाली, की याची परतफेड कशी होणार? प्रश्न रास्त होता, गटाचा पैसा सगळ्यांच्या घामाचा. तेव्हा एक म्हातारी सदस्य बोलली, “लग्नाला कर्ज देतो तेव्हा हे का नाय इचारत?” कुणाकडेच उत्तर नव्हतं. कर्ज मंजूर झालं. आई हप्ते भरते आहे, मुलगी बारावीला आहे.

म्हणून आमची विनंती आहे. पुढच्या मासिक बैठकीत तीन गोष्टी विषयावर घ्या. मुलीच्या शिक्षणाच्या कर्जाला पहिला नंबर द्यायचा ठराव करा. दहावीच्या निकालाआधीच जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा, त्यावाचून शिष्यवृत्ती आणि वसतिगृहाचा अर्ज अडतो. आणि एकाच कॉलेजला जाणाऱ्या मुलींची नावं एकत्र करून एसटीच्या वेळेसाठी गटाच्या सहीने आगारात अर्ज द्या. एकीचं कुणी ऐकत नाही, चाळीस सह्यांचा कागद बाजूला ठेवणं अवघड जातं.

प्रत्येक मुलगी अंटार्क्टिकावर जाणार नाही, जायलाही नको. कुणी नर्स होईल, कुणी शेतीखात्यात जाईल, कुणी शाळेत शिकवेल. पण घरातून मुलीला उत्तर देताना ‘सोय नाही’ एवढ्यावर थांबू नका. सोय काय करता येईल, ते गटात बसून बघा.