झाकली मूठ आणि मायलेकी



आज आपणांस एका कादंबरीची ओळख करून द्यावयाची आहे. कादंबरीचे नाव ‘रीटा वेलिणकर’, लेखिका शांता गोखले. ती १९९० साली मराठीत प्रसिद्ध झाली, आणि पुढे लेखिकेने स्वतःच ती इंग्रजीत नेली. कथा मुंबईची आहे. तेव्हा औशाच्या पारावर बसलेला एखादा श्रोता म्हणेल, “बाई, मुंबईच्या घरातली भानगड आम्हांला कशाला ऐकवता? आमचे सोयाबीनचे भाव, आमची पोरांची शिक्षणे, तेवढेच आम्हांला पुरे आहे.” त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण घरोघरी मातीच्या चुली ही म्हणही आपलीच आहे. मुंबईच्या चुलीवर जे उतू गेले, ते आपल्या चुलीवर कधी जातच नाही, असे छातीवर हात ठेवून कोण सांगेल?

औशाचा किल्ला आपण पाहिलेलाच आहे. तो डोंगरावर नाही. भोवतालची जमीन उंच आणि किल्ला खोलगटात, भोवती खंदक. त्यामुळे आतल्या माणसाला लांबून येणारे सैन्य दिसावे, पण येणाऱ्याला किल्ल्याचा बराचसा भाग दिसू नये, अशी त्याची जागा. आपली पुष्कळ घरेही अशीच बांधलेली असतात. बाहेरून काही दिसत नाही. आतून मात्र सारखी पाळत असते : कोण येतो, कोण बघतो, कोण काय म्हणेल. किल्ल्याला हे शोभते. घराला त्याची किंमत मोजावी लागते, आणि ती बहुतेक वेळा घरातली मुलगी मोजते.

रीटा अशीच एक मुलगी. आईबापांना साहेबी थाटाची हौस. ऐपत नसता राहणी मोठी ठेवलेली. रीटा थोरली, पाठीवर तीन भावंडे. अठराव्या वर्षी ती नोकरीला लागते आणि घराचे ओझे तिच्या खांद्यावर येते. पगार तिचा, पण घरात शब्द आईचा. कचेरीतले साहेब साळवी हे संसारी गृहस्थ. त्यांच्याशी तिचे नाते जुळते. ते उघड करता येत नाही आणि तोडताही येत नाही. असे झाकून जगता जगता एके दिवशी तिच्या मनाचा तोल जातो आणि तिला रुग्णालयात ठेवावे लागते. मग पडल्यापडल्या ती आपल्या आयुष्याचा हिशेब मांडते. बालपण, बाप, बहिणी, साळवी. पण या हिशेबात सर्वांत अवघड रक्कम ठरते ती आईची.

येथे लेखिकेने मोठे धाडस केले आहे. आई म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरलेले चित्र उभे राहते : सोशीक, पदराने डोळे पुसणारी, लेकरासाठी उपाशी राहणारी. अशा आया असतात, आपण पाहिल्याही आहेत. पण लेकीचा पगार हातात घेताना जिचा चेहरा कडू होतो, अशीही आई असते. ती दुष्ट असते काय? नाही. तिला स्वतःच्या पायावर उभे राहायला कोणी शिकवलेले नसते. ज्या पोरीला आपण वाढवले तिच्याच मिळकतीवर आता दिवस काढायचे, हे तिला आतून खुपते. ज्याच्या उपकारावर जगायचे त्याच्यावर माया करणे माणसाला जड जाते. मग ती लेकीचे दोष काढते आणि लेक आतल्या आत कढत राहते. दोघी एकमेकींवर रागावलेल्या, आणि दोघींच्याही रागाचे खरे कारण तिसरेच.

आता विचार करा. आज आपल्या भागातल्या कितीतरी मुली शिकून पुण्याला, हैदराबादला नोकरी करतात आणि घरी पैसे पाठवतात. त्यांतल्या एखाद्या घरात ‘हिचे लग्न झाले तर धाकट्याची फी कोण भरील?’ असा विचार मनात येऊन गेला नसेल काय? तो उघड कोणी बोलत नाही. स्थळे मात्र एकामागून एक नापसंत होतात. हीही एक झाकली मूठच.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपण म्हणतो. व्यवहारात ते खरे आहे. कर्ज किती, दागिना मोडला की ठेवला, हे गावभर सांगण्याचे कारण नाही. पण मूठ फार दिवस आवळून धरली की बोटे आखडतात, मग ती उघडावीशी वाटली तरी उघडत नाहीत. गावापासून झाकणे वेगळे आणि पोटच्या पोरीपासून झाकणे वेगळे. हा फरक आपण विसरतो.

दुसरी म्हण आहे ‘खाण तशी माती’. सोयरीक ठरवताना मुलीच्या आधी तिच्या आईची चौकशी होते, ती या म्हणीच्या आधारे. या म्हणीचे परिणाम ज्ञानकोशकार डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी १९३० सालीच ‘ब्राह्मणकन्या’ या कादंबरीत दाखवले होते. त्यातील कालिंदीची आजी कोणाची तरी ठेवलेली बाई होती. दोष असलाच तर आजीचा, तोही खरा पाहू गेल्यास आजीला ठेवणाऱ्याचा. पण तो आईच्या माथी येतो आणि आईवरून लेकीच्या. आपल्याला मानाचे स्थळ मिळणार नाही, हे ओळखून कालिंदी घर सोडते आणि शिवशरणप्पा नावाच्या लिंगायत व्यापाऱ्याबरोबर लग्नावाचून राहते. म्हणजे समाजाने जी भीती घातली तीच त्याने खरी करून दाखवली. ‘ब्राह्मणकन्या’ आणि ‘रीटा’ यांत साठ वर्षांचे अंतर आहे. मुंबई बदलली, पोशाख बदलले. पण घरातले न बोललेले मुलीने फेडायचे, हा रिवाज काही बदलला नाही.

‘रीटा’वर २००९ साली मराठी चित्रपट निघाला. तो दिग्दर्शित केला रेणुका शहाणे यांनी. त्या शांताबाईंच्या कन्या. आईने लिहिलेली मायलेकींची गोष्ट लेकीने पडद्यावर आणली, हे मला विशेष वाटते. पुढे २०२१ साली त्यांनी ‘त्रिभंग’ नावाचा दुसरा चित्रपट केला. त्यात तीन पिढ्या आहेत : नावाजलेली मराठी लेखिका नयनतारा, तिची नर्तकी मुलगी अनुराधा, आणि नात माशा. अनुराधा आईला ‘आई’ म्हणत नाही, नावाने हाक मारते. कारण काय? आईच्या दुसऱ्या संसारात, आईच्याच घरात, त्या पोरीवर घरातल्या माणसाकडून अत्याचार झाला. आई लिहिण्यात बुडालेली. तिला दिसले नाही. आणि मुलीची समजूत अशी, की आईला दिसायला हवे होते. एवढ्या एका गोष्टीवरून दोन आयुष्ये एकमेकींकडे पाठ करून गेली. आई बेशुद्ध पडते तेव्हा लेकीला बोलायचे असते. पण तेव्हा ऐकणार कोण?

पूर्वी आपल्या बायांना एक वाट होती. पहाटे जात्यावर बसले की जे सासूसमोर बोलता येत नाही, मायीला चिठ्ठीत लिहिता येत नाही, ते ओवीत म्हणता येई. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रभर हिंडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत माय आणि लेक यांच्या ओव्या उदंड आहेत. गिरणी आली, बाईच्या हाताचे कष्ट वाचले, ते चांगलेच झाले. पण जात्याबरोबर मन मोकळे करण्याची ती घटकाही गेली. तिच्या जागी आपण काय ठेवले? माझ्या मते कादंबरीचे एक काम हेच आहे. आपल्या घरातले आपल्याला बोलता येत नसले, तर दुसऱ्याच्या घरातले वाचून त्यावर तरी बोलता येते. ‘त्या रीटाचे चुकलेच’ असे आई म्हणते, ‘कसे काय चुकले?’ असे लेक विचारते, आणि बोलणे सुरू होते.

म्हणून शिक्षकबंधूंना आणि भगिनींना माझी दोन मागणी आहेत. पहिली, गावच्या ग्रंथालयात अशी पुस्तके मागवा आणि ती कपाटात कुलूपबंद ठेवू नका. मोठ्या मुलींच्या आयांना महिन्यातून एकदा बोलवा, एखादे प्रकरण मोठ्याने वाचा, आणि मग आपण गप्प बसा. त्या बोलतील. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. वर्गातली हसरी मुलगी एकाएकी गप्प झाली, घरी जायला टाळू लागली, तर तिला आळशी म्हणून उभे करू नका. विश्वासात घ्या. अत्याचाराची गोष्ट तुमच्या कानी आली, तर २०१२ च्या बालक-संरक्षण कायद्याप्रमाणे ती पोलिसांना कळवणे तुमच्यावर बंधनकारक आहे. ‘घराची अब्रू’ हे कारण तेथे चालत नाही. १०९८ हा मुलांच्या मदतीचा दूरध्वनी क्रमांक आहे. तो फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, आणि पुसला गेला की पुन्हा लिहा.

आणि मायबहिणींनो, तुम्हांला एवढेच सांगते. लेकीला सगळेच सांगावे असे नाही. प्रत्येक गोष्टीला वय असते. पण जे तिच्याच आयुष्यावर पडणार आहे, ते तिला परक्याच्या तोंडून कळू देऊ नका. आणि ती काही सांगायला आली, तर हातातली भाकरी तव्यावर करपली तरी चालेल. आधी तिचे ऐकून घ्या. पहिल्या वेळी ‘गप्प बस’ म्हटलेली मुलगी दुसऱ्यांदा सांगायला येत नाही.

शांताबाईंची रीटा शेवटी सावरते. सरस्वती नावाची मैत्रीण धावून येते, तिचे ऐकून घेते, म्हणून सावरते. आई जवळ असून जे झाले नाही ते मैत्रिणीने केले. हे वाचून सरस्वतीचे कौतुक वाटते. पण पुस्तक मिटल्यावर एक प्रश्न उरतो, आणि तो मी आपल्या स्वाधीन करते : आपल्या घरातल्या मुलीला बोलायला बाहेरची सरस्वती शोधावी लागणार आहे, की घरातच कोणी आहे?