दंडार पाहुणी जाते

दिवाळी जवळ आली की शहरात किराणा आणि कापडाच्या दुकानांपुढे गर्दी होते. त्याच दिवसांत आपल्या यवतमाळ जिल्ह्यात एका वेगळ्याच दौऱ्याची तयारी चाललेली असते. केळापूर, झरी जामणी, मारेगाव, घाटंजी या भागातल्या गोंडांच्या गुड्यांवर आणि कोलामांच्या पोडांवर दंडारीची मंडळी जमू लागतात. झाडीपट्टीत दंडार म्हणतात ती नाटकाच्या अंगाची, ही वेगळी. ही नाचणाऱ्या-वाजवणाऱ्यांची टोळी असते आणि दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात ती गावोगाव पाहुणी जाते.

तयारी म्हणजे काय? आधी वाद्यं खाली निघतात. पावसाळ्यात डफ-ढोलांचं चामडं सैल पडलेलं असतं, ते शेकोटीवर तापवून ताणायचं. सनईच्या जातीचं पेपरे वाजवणारा माणूस आहे की कामाला बाहेरगावी गेला, हे पाहायचं. गोंडांचे परंपरेचे गायक म्हणजे परधान. त्यांच्याशी बोलणं करायचं. पोरांच्या हाती टिपऱ्या द्यायच्या आणि गोल फिरताना टिपरीवर टिपरी नेमकी कशी पडते, ते अंगणात घटवून घ्यायचं. काही पोरं बाईचा वेश घेतात, त्यांची लुगडी घरोघरून गोळा होतात.

सगळ्यांत नाजूक काम घुसाडीच्या टोपाचं. मोरपिसांचा हा भला मोठा टोप वर्षभर जपून ठेवलेला असतो. मोराची झडलेली पिसं वेचून तो बांधतात. एका टोपाला शेकडो पिसं लागतात. कसर लागलेली पिसं काढून नवी भरायची. अंगाला राख, गळ्यात माळा, खांद्यावर कातडं, कमरेला घुंगरं, हातात दांडा. एवढा साज चढला की कालपर्यंत कापूस वेचणारा माणूस घुसाडी होतो. मग तो आपल्या ओळखीचा राहत नाही. त्याला मान द्यायचा असतो आणि त्याची थट्टाही सोसायची असते. नेमधर्म पाळणारा घुसाडी तर त्या दिवसांत आंघोळही करत नाही.

या दौऱ्याला तिकीट नाही आणि रंगमंचही नाही. टोळी गावाच्या वेशीशी आली की गाव सामोरं जातं. रात्रभर नाच चालतो. पाहुण्यांच्या जेवणाची काळजी यजमान गावाची. थोरांची बोलणी होतात, सोयरिकींचे विषय निघतात. पुढे त्या गावची दंडार या गावात येते. आज जो पाहतो तो उद्या नाचतो, आणि आज जो वाढतो तो उद्या पानावर बसतो.

मी कविता लिहिणारा माणूस. कविसंमेलनाला जातो, चार कविता वाचतो, पाकीट घेतो आणि रात्रीच्या एसटीने परततो. समोर बसलेल्यांपैकी कुणी आपली कविता घेऊन माझ्या गावी येत नाही. आमच्या घरी ईदेच्या शिरखुर्म्याचा डबा शेजारी गेला की दिवाळीत तो चकल्या-करंज्या घेऊन परत येतो. रिकामं भांडं परत करायचं नसतं, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. दंडार हा असाच डबा आहे.

पैनगंगेच्या पलीकडे आदिलाबादेतही हीच घुसाडी आहे. 1956 आधी नदीचा हा काठ मध्य प्रदेशात होता, तो काठ हैदराबाद राज्यात. 1956ला दोन्हीकडचं राज्य बदललं आणि पलीकडचं 2014ला आणखी एकदा. सरकारी कागदांची भाषा बदलली, पण नदीच्या दोन्ही काठांवर गोंडी कायम राहिली. पलीकडच्या मारलवाईचे कनक राजू यांना घुसाडी नाचासाठी 2021 साली पद्मश्री जाहीर झाली. 2024 साली ते गेले. अशा सन्मानाचा आनंद मोठाच आहे.

पण सन्मानाबरोबर रंगमंचही येतो. दूर अर्जेंटिनातला टँगो पाहा. ब्वेनोस आयर्सच्या गरीब वस्त्यांत, परदेशातून पोटासाठी आलेल्या लोकांत तो वाढला. जर्मनीत तयार झालेलं बँडोनिऑन हे भात्याचं वाद्य त्याने आपलंसं केलं. आधी घरच्या प्रतिष्ठितांनी नाकं मुरडली. पॅरिसने डोक्यावर घेतल्यावर घरीही मान मिळाला. 2009 साली युनेस्कोने त्याला मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतलं. आता वादकांचा ताफा आणि नर्तकांच्या जोड्या दिवे-पडदे घेऊन जगभर दौरे करतात. तरी तिथे साधी माणसं संध्याकाळी जमून एकमेकांबरोबर नाचतात. त्या जमण्याला मिलोंगा म्हणतात. रंगमंचावरच्या टँगोला जीव पुरवते ती ही मिलोंगा.

आमच्या दंडारीची मिलोंगा म्हणजे यजमान गाव, आणि ते अडचणीत आहे. ऐन वेळी सोयाबीन निघायचं असतं, कापसाची पहिली वेचणी उभी असते. नापिकीच्या वर्षी वीस-पंचवीस पाहुण्यांचं जेवण गावाला जड जातं. जाणती पोरं कामासाठी शहरात असतात. त्याच पोरांना एखाद्या महोत्सवाचं बोलावणं येतं. दहा मिनिटं, लाल गालिचा, शाल-श्रीफळ. त्यातून चार पैसे मिळतात, ते मिळायलाच हवेत. उपाशी राहून परंपरा जपा, असं सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. मात्र दहा मिनिटांत टोप दिसतो, रात्र दिसत नाही. आणि आपण टाळ्या वाजवून घरी जातो, ती परतफेड नव्हे.

म्हणून एक विनंती. शाळेच्या, कॉलेजच्या किंवा नगरपालिकेच्या कार्यक्रमाला दंडार बोलावली, तर तिला पुरता वेळ द्या, तिच्याबरोबर पंगतीला बसा, वाजवणाऱ्यांशी बोला. आणि पुढच्या दिवाळीत त्यांच्या गुड्यावर जा. कॅमेरा असला तर पिशवीत राहू द्या. जाताना धान्य न्या, गूळ न्या, पाहुण्यांच्या पानावर काही पडेल असं न्या. तुम्हाला नाचता येत नसेल, पण वाढता तर येतं.