प्रतिकृतीतून अँटेनांची पारख
(वर्धा येथे शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



धरण बांधण्यापूर्वी त्याची लहान प्रतिकृती करून पाण्याचे वर्तन तपासतात. पुण्याजवळील खडकवासल्याचे केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र याच कार्यासाठी ख्यातनाम आहे. रेडिओलहरींच्या अँटेनांचीही पारख अशाच रीतीने करता येते.

जुन्नर तालुक्यातील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीचे उदाहरण घेऊ. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने साकारलेल्या या दुर्बिणीत सुमारे २५ किलोमीटर परिसरात ३० अँटेना असून प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर आहे. एवढ्या रचनेतील दोष उभारणीनंतर ध्यानात आला, तर जनतेचा पैसा वाया जाणार हे उघड आहे.

प्रतिकृतीचा नियम सोपा आहे. आकार दहापट लहान केला, तर तरंगलांबीही दहापट लहान, म्हणजे वारंवारिता दहापट अधिक घ्यावयाची. १५० मेगाहर्ट्झची लहर २ मीटर लांब असते. साडेचार मीटर व्यासाच्या प्रतिकृतीवर १५०० मेगाहर्ट्झची, २० सेंटिमीटरची लहर वापरावी. दोन्हीकडे व्यासात साडेबावीस लहरी मावतात. म्हणून अँटेनेच्या दृष्टीचा कोनही तोच राहतो. अँटेनांचा समूह असेल, तर त्यांमधील अंतरेही त्याच प्रमाणात घटवावी लागतात.

परंतु येथेच खबरदारी हवी. खोडदच्या जाळीची तार ०.५५ मिलिमीटर जाडीची आहे. प्रतिकृतीत ती ०.०५५ मिलिमीटर, केसासारखी बारीक, हवी. धातूची विद्युतवाहकता तर दहापट वाढविता येत नाही. त्यामुळे ऊर्जेच्या ऱ्हासाचा हिशेब निराळा मांडावा लागतो. शिवाय या दुर्बिणीच्या अलीकडील नूतनीकरणानंतर तिचे चार रुंद पट्टे सुमारे १२० ते १४५० मेगाहर्ट्झपर्यंत पसरले आहेत. अशा रुंद पट्ट्यासाठी एकाच वारंवारितेवरील चाचणी पुरेशी नसते. दोन्ही टोकांना व मध्येही मोजमाप घ्यावे लागते.

शिक्षकांनी हे गणित वर्गात अवश्य करून घ्यावे. पंचायतीच्या कारभारातही त्याचा बोध आहे. सेलू तालुक्यातील एखाद्या गावी यशस्वी ठरलेली योजना आष्टी वा कारंजा तालुक्यात नेताना केवळ खर्चाचा आकडा गुणून भागत नाही. जमीन, पाणी व मनुष्यबळ यांचे प्रमाण जुळते काय, हे पाहावे लागते. जे प्रमाण जुळत नाही, ते आधीच ओळखणे, हेच प्रतिकृतीचे खरे मोल होय.