बॅटरीचे बळ आणि तारेची उंची

घरी जुळविलेला १२ व्होल्टचा छोटा रेडिओ-प्रक्षेपक प्रथम बोलू लागला, की त्याच्या कर्त्याचे समाधान दोनच दिवस टिकते. तिसऱ्या दिवशी ‘हा आणखी दूर कसा पोहोचेल?’ हा प्रश्न त्याला छळू लागतो आणि पहिला हात जातो तो बॅटरीकडे. १२ चे २४ व्होल्ट केले, की काम फत्ते, असा त्याचा हिशेब असतो.

हा हिशेब फसवा आहे. व्होल्टेज दुप्पट केल्याने शक्ती चौपट होते, हे खरे. परंतु मोकळ्या अवकाशात चौपट शक्तीने पल्ला केवळ दुप्पट होतो. दूरच्या संग्राहकावरील संकेतमापकाचा काटा तर अवघे एक घर पुढे सरकतो. त्या एका घरापायी बिचाऱ्या ट्रान्झिस्टरची मात्र राख होण्याचा संभव!

१८९५ साली इटलीत बोलोन्याजवळ, वडिलांच्या घरी प्रयोग करणाऱ्या तरुण मार्कोनीला पल्ला गवसला तो निराळ्याच वाटेने. त्याने प्रक्षेपकाचे एक टोक उंचावर टांगले, दुसरे जमिनीला जोडले. आणि संकेत टेकडीपलीकडे, सुमारे २ किलोमीटरवर पोहोचला.

आजही गुरुकिल्ली तारेतच आहे. ७.१ मेगाहर्ट्झ कंप्रतेच्या लहरीची लांबी सुमारे ४२ मीटर. तिच्या निम्मी, म्हणजे साधारण २० मीटर तांब्याची तार घ्यावी, मध्यभागी तोडून दोन्ही बाहू मोकळ्यावर ताणावेत आणि मधोमध प्रक्षेपकाची केबल जोडावी. मग मापकावर परतणारी लहर पाहत टोके थोडी थोडी कापीत जावे. सज्जाच्या कठड्याला गुंडाळलेली चार हात तार ही एरियल नव्हे. तिच्यात शक्तीचा बराच भाग उष्णता होऊन वाया जातो. अतिउच्च कंप्रतेवर तर उंचीच सर्वस्व ठरते. ९ मीटर उंचीवरून रेडिओचे क्षितिज सुमारे १२ किलोमीटर असते. ३६ मीटरवरून ते २४ किलोमीटरच्या पुढे जाते. शिवाय बोलण्याऐवजी मोर्सची कळ वापरली, तर तेवढीच शक्ती अरुंद पट्ट्यात एकवटते आणि क्षीण संकेतही गोंगाटातून वेचता येतो.

ही काटकसर निव्वळ हौसेची नाही. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली, तेव्हा हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अमॅच्युअर रेडिओ या संस्थेचे पथक पोर्ट ब्लेअरमध्ये होते. नेहमीची संपर्कसाधने कोलमडली असता त्या हौशी मंडळींनी मुख्य भूमीकडे निरोप पोहोचविले. अशा वेळी वीज नसते. जवळच्या बॅटरीवरच भागवावे लागते.

मात्र परवान्यावाचून एक वॉटही हवेत सोडू नये. परवाना हाती आल्यावरही प्रक्षेपक व एरियल यांच्यामध्ये गाळणी बसवावी. ती नसेल, तर ७.१ च्या लहरीबरोबर १४.२ आणि २१.३ मेगाहर्ट्झच्या नको त्या लहरीही बाहेर पडतात. पल्ला वाढला, की त्यांचाही उपद्रव तितकाच दूर जातो.