मुक्या सोबत्याची परदेशची कागदपत्रे
(संस्थेच्या महोत्सवी व्याख्यानमालेत बडोदे येथे केलेले भाषण)



महोत्सवाच्या व्याख्यानमालेत कुत्र्यामांजरांचा विषय कशाला, असे आपल्यापैकी कित्येकांच्या मनात आले असेल. कार्यक्रमपत्रिका हाती पडताच एका ज्येष्ठ सभासदांनी आम्हांस तसे बोलूनही दाखविले. परंतु आमच्या समितीकडे परदेशी निघालेली जी कुटुंबे सल्ल्यासाठी येतात, त्यांना माणसांच्या व्हिसाविषयी फारसे विचारावयाचे नसते; ते सारे त्यांना आधीच ठाऊक असते. उठता उठता, जरा संकोचानेच, प्रश्न येतो तो घरच्या मोत्याचा नाहीतर मनीचा.

बडोद्यातून परदेशी जाण्याची वाट जुनी आहे. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी संस्थानच्या खर्चाने विद्यार्थी पाठविले. १९१३ साली न्यूयॉर्कला गेलेले डॉ. आंबेडकर त्यांपैकीच एक. त्या काळी माणूस एकटा जाई व शिकून परत येई. आता सारे बिऱ्हाडच हलते. भांडी वाटून टाकता येतात, घर भाड्याने देता येते. पण दहा वर्षे दाराशी बसलेल्या जिवाचे काय करावयाचे? महाभारतात धर्मराजाने कुत्र्याला सोडून स्वर्गात जाण्याचे नाकारले. त्याला निदान इंद्राशी वाद तरी घालता आला. विमानतळावरील अधिकाऱ्याशी वाद घालून काही साधत नाही. तेथे कागद बोलतो.

हे कागद एवढे कडक का, ते आधी समजून घेऊ. म्हणजे त्यांचा राग येणार नाही. कारण एकच, रेबीज, म्हणजे पिसाळण्याचा रोग. चावा झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत बहुधा दोन ते तीन महिने जातात, क्वचित वर्षही जाते. आणि लक्षणे दिसू लागली की उपाय जवळपास नाहीच. तेव्हा आज धडधाकट दिसणारे कुत्रे उद्या पिसाळणार नाही, हे नुसते पाहून कोणालाही सांगता येत नाही. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ साली, इंग्लंडात हा रोग पुन्हा शिरला; परतणाऱ्या सैनिकांनी चोरून आणलेल्या कुत्र्यांबरोबर तो आला असे मानले जाते. तो निपटून काढण्यास १९२२ साल उजाडले. पुढे कित्येक दशके बाहेरून येणाऱ्या प्रत्येक कुत्र्याला तेथे सहा महिने बंदिवासात काढावे लागत. २००० सालापासून निवडक देशांसाठी आणि २०१२ पासून आपल्यासारख्या देशांसाठी तो बंदिवास गेला, व त्याच्या जागी कागद आले. म्हणजे हे कागद आपल्या जनावराला तुरुंगातून सोडविणारे जामीन आहेत, असे समजण्यास हरकत नाही.

आणि नुसता लस टोचल्याचा दाखला का पुरत नाही? जून २०२१ मध्ये अझरबैजानहून अमेरिकेत कुत्र्यांचा एक तांडा गेला. लसीचे दाखले होते. तरी त्यांतील एक कुत्रे पेनसिल्व्हेनियात पिसाळलेले निघाले. त्यानंतर महिन्याभरातच अमेरिकेने रेबीजचा धोका अधिक असलेल्या देशांतून कुत्री आणण्यास तात्पुरती बंदी घातली. दाखला खरा असला तरी लस अंगी लागली की नाही, हे रक्त तपासल्याशिवाय कळत नाही.

आता मुद्याकडे वळू. ध्यानात ठेवावयाचा आहे तो क्रम. आधी चिप, मग लस, मग रक्त, मग वाट पाहणे, आणि सर्वांत शेवटी आरोग्याचा दाखला. आपली मंडळी बहुधा उलटीकडून सुरुवात करतात. तिकीट काढतात, पिंजरा विकत घेतात, आणि मग दाखल्यासाठी धावतात.

चिप म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी वस्तू; ती कातडीखाली घालतात. तिच्यात पंधरा आकडी क्रमांक असतो. कुत्रे हरवले तर चिप ते कोठे आहे हे सांगेल, असा पुष्कळांचा समज आहे; तसे काही नाही. वाचकयंत्र जवळ नेल्यावर ती आपला क्रमांक तेवढा सांगते. पण तो क्रमांक हेच जनावराचे नाव, गाव आणि सही. म्हणून चिपेच्या आधी टोचलेली लस युरोपच्या नियमाने हिशेबात धरली जात नाही. ती लस याच कुत्र्याला टोचली याला पुरावा काय?

युरोपीय संघाच्या देशांत जावयाचे तर भारतातून येणाऱ्या कुत्र्यामांजराचे पंचांग असे: बारा आठवड्यांचे वय झाल्यावर, चिप घालून, रेबीजची लस. त्यानंतर निदान ३० दिवसांनी रक्त घ्यावयाचे, आणि ते संघाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेतच तपासावयाचे. लसीमुळे आलेली प्रतिकारशक्ती दर मिलिलिटरला ०.५ आंतरराष्ट्रीय एकक किंवा त्याहून अधिक भरली पाहिजे. मग रक्त घेतल्या दिवसापासून तीन महिने थांबावयाचे. शेवटी, पोहोचण्यापूर्वीच्या दहा दिवसांच्या आत, सरकारी पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला. बेरीज करून पाहा; चार महिन्यांच्या आत हे बसत नाही. आम्ही सहा महिने धरावयास सांगतो.

एका कुटुंबाची हकिगत सांगतो. जर्मनीस निघाले होते. फाइल जाडजूड, दरवर्षीची लस वेळेवर, घरच्यांना वाटले सारे तयार आहे. ज्या दवाखान्यात ते जात, तेथेही सर्व ठीक असल्याचे सांगण्यात आले. चिप मात्र निघण्याच्या महिनाभर आधी घातलेली. लस पुन्हा टोचावी लागली, पुन्हा तीस दिवस, रक्त, आणि तीन महिने. मंडळी ठरल्या तारखेस गेली. कुत्री मागे राहिली ती घरमालकांच्या सत्तरीतल्या आत्याबाईंपाशी. पाच महिने आत्याबाईंनी तिला सांभाळले. गुडघे दुखत असताना दोन वेळा फिरावयास नेले. पैशाचा हिशेब त्या कुटुंबाने आम्हांस सांगितला; आत्याबाईंच्या गुडघ्यांचा कोणी मांडला नाही.

ब्रिटनचे नियम बहुतांशी असेच, पण कुत्र्याला पोहोचण्यापूर्वी २४ ते १२० तासांच्या आत पट्टकृमीचे औषध पशुवैद्याकरवी देऊन त्याची वेळ लिहून घ्यावी लागते. शिवाय तेथे विमानाने नेलेले जनावर मालवाहतुकीतूनच उतरते. मांडीवर घेऊन जाण्याचा विचार सोडावा.

अमेरिकेचा कायदा १ ऑगस्ट २०२४ पासून बदलला आहे. भारत तेथे रेबीजचा धोका अधिक असलेल्या देशांत मोडतो. कुत्रे निदान सहा महिन्यांचे हवे, चिप हवी, लस व चिप यांचा ठरावीक नमुन्यातील दाखला सरकारी पशुवैद्याने प्रमाणित केलेला हवा, आणि तेथील रोगनियंत्रण केंद्राचा अर्ज भरून त्याची पावती जवळ हवी. मान्य प्रयोगशाळेचा रक्ताचा अहवाल नसेल तर २८ दिवसांचा बंदिवास. शिवाय उतरल्यावर तपासणीसाठी नोंदणीकृत केंद्रात जागा आधी राखून ठेवावी लागते, आणि अशी केंद्रे मोजक्याच विमानतळांवर आहेत. चिरंजीव ज्या गावी राहतात तेथील विमानतळ त्या यादीत असेलच असे नाही. आधी यादी पाहावी, मग तिकीट काढावे. मांजरांना मात्र या केंद्राच्या नियमांतून सूट आहे.

कॅनडाचे काम घरच्या कुत्र्यापुरते सोपे आहे. तेथे लसीचा नीट दाखला मुख्य. ऑस्ट्रेलियाचे काम सर्वांत अवघड. भारतातून थेट जनावर नेताच येत नाही. आधी त्यांनी मान्य केलेल्या दुसऱ्या देशात नेऊन तेथे काही महिने तयारी करावी लागते, आणि शेवटी मेलबर्नजवळ मिकलहॅम येथे निदान दहा दिवसांचा बंदिवास. तो देश कोणाची भीड धरीत नाही. २०१५ साली जॉनी डेप या प्रसिद्ध नटाची दोन लहान कुत्री खाजगी विमानातून नोंद न करता तेथे गेली. मंत्र्यांनी ती तत्काळ देशाबाहेर काढावयास लावली, आणि पुढील वर्षी त्याच्या पत्नीला खोटे प्रवेशपत्र भरल्याबद्दल न्यायालयात गुन्हा कबूल करावा लागला.

आपल्याकडील कचेरी म्हणजे केंद्र सरकारची पशु संगरोध व प्रमाणन सेवा. तिची केंद्रे दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, हैदराबाद आणि बंगळूर येथे आहेत; बडोदेकरांना मुंबई जवळची. अर्ज आणि भेटीची वेळ आधी ठरवावी, आणि जनावर बरोबर न्यावे लागेल असे धरून चालावे.

चुका मोठ्या नसतात, बारीक असतात, म्हणूनच डोळ्यांतून सुटतात. एका कागदावर मोती, दुसऱ्यावर मोत्या. मालकाचे नाव पारपत्रात एक आणि दवाखान्याच्या पुस्तकात घरचे लाडके दुसरेच. पंधरा आकड्यांतला एक आकडा उलटा. तारखांचे तर विशेष जपावे: आपण ४/७ लिहितो ती चौथी जुलै, अमेरिकन माणूस ती सात एप्रिल वाचतो, आणि लस रक्तानंतर टोचल्यासारखी दिसते. महिना अक्षरांत लिहून घ्या. प्रत्येक वेळी टोचण्यापूर्वी डॉक्टरांना चिप वाचावयास लावा व क्रमांक त्याच कागदावर लिहून घ्या. लसीच्या बाटलीवरची चिठ्ठी पुस्तकात चिकटवून घ्या. दवाखान्यातून मिळणाऱ्या त्या पुस्तकावर पुष्कळदा पासपोर्ट असे छापलेले असते. ती लसीची वही आहे, त्याहून अधिक काही नाही.

पोपटाविषयी विचारणा होते, म्हणून सांगून टाकतो. आपला देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणे हाच १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. तेव्हा त्याच्या परदेशगमनाचा कागद कोणी देणार नाही.

कोणाला नेऊ नये, हेही बोलले पाहिजे. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना विमानात श्वासाचा त्रास होतो. अनेक कंपन्या त्यांना घेतच नाहीत. झोपेचे औषध देऊन पाठविण्याचा बेत कोणी करू नये. वर हवेत ते घातक ठरू शकते. चौदा वर्षांच्या म्हाताऱ्या जिवाला पिंजऱ्यात घालून सातासमुद्रापलीकडे न्यावे की आजीआजोबांच्या अंगणात राहू द्यावे, याचे उत्तर कोणत्याही कचेरीत मिळत नाही; ते घरात बसून, आजीआजोबांना विचारून ठरवावे. त्यांना विचारून, हे आम्ही मुद्दाम म्हणतो. पुष्कळदा निघण्याच्या आदल्या रात्री दोर त्यांच्या हाती दिला जातो.

आणि मागे ठेवलेच, तरी चिप घालून घ्या आणि रेबीजची लस एक दिवसही चुकवू नका. युरोपच्या नियमाने लसीची साखळी अखंड राहिली तर एकदा केलेली रक्ताची तपासणी पुढेही चालते. साखळी तुटली की पुन्हा पहिल्यापासून. वर्षा-दोन वर्षांनी तिकडे बस्तान बसल्यावर पुष्कळ कुटुंबे कुत्र्याला बोलावून घेतात. त्या वेळी आजोबांच्या कपाटात ती फाइल नीट असली, तर चार महिन्यांचे काम काही आठवड्यांत होते.